पंपा सरोवर आणि काँग्रेस विहीर: बेळगावातल्या एका नावाचं प्रकरण

बेळगावात टिळकवाडीत, काँग्रेस रोडच्या कडेला एक मोठी बांधीव विहीर आहे. तिचं रीतसर ठेवलेलं नाव ‘पंपा सरोवर’. हे नाव १९२४ सालचं, बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हाचं आहे. ते कुणी रद्द केलं नाही, त्याच्याविरुद्ध कधी मोर्चा निघाला नाही, कुठल्या सभागृहात ते बदलायचा ठराव आला नाही. तरीही ते लोकांच्या तोंडी बसलं नाही. मराठी माणूस म्हणतो काँग्रेस विहीर, कन्नड माणूस म्हणतो काँग्रेस बावी.

हेच प्रकरण अभ्यासाला घ्यायचं कारण आहे. आमच्या भागात नावाचा विषय निघाला की तो दोन वाक्यांत सीमाप्रश्नावर जातो. बेळगाव की बेळगावी, पाटीवर कुठली भाषा वर, चौकाला कुणाचं नाव, यावरून इथं लाठ्या चालल्या आहेत. त्या भांडणाला खरी कारणं आहेत आणि मी त्यात तिऱ्हाईत नाही. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कायम मागे राहतो: नाव रुजतं कसं? ज्या नावावर लढाई झाली, तिथं उत्तर सापडत नाही, कारण जे झालं ते कुणाच्या तरी जोरानं झालं असं म्हणता येतं. या विहिरीच्या बाबतीत कुणीच जोर लावला नाही. एक नाव आपोआप मागे पडलं आणि दुसरं आपोआप पुढे आलं.

नाव ठेवलं तेव्हा

१९२४ साली बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. काँग्रेसनं मात्र १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार केल्या होत्या, त्यामुळे बेळगावच्या अधिवेशनाचं यजमानपद कर्नाटक प्रांतिक समितीकडे आलं. सगळा भार उचलला तो गंगाधरराव देशपांडे यांनी. ते हुदलीचे, लोकमान्य टिळकांचे अनुयायी, पुढे ‘कर्नाटक सिंह’ म्हणून ओळखले गेलेले. डॉ. ना. सु. हर्डीकरांचं सेवादल स्वयंसेवकांची बाजू सांभाळत होतं. २६ आणि २७ डिसेंबरला अधिवेशन झालं. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते या एकाच वेळी, त्यामुळे देशभरातून माणसं येणार हे उघड होतं.

टिळकवाडीच्या मोकळ्या जागेत तंबूंचं गाव वसवलं गेलं. पाहुण्यांसाठी जवळच तात्पुरतं रेल्वे स्थानकही उभारलं होतं. या तंबूंच्या गावाला नाव दिलं ‘विजयनगर’. प्रवेशाला हंपीच्या विरुपाक्ष मंदिराच्या गोपुराची प्रतिकृती. एवढ्या लोकांना पाणी कुठून द्यायचं, म्हणून नवी विहीर खोदली. तिला खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. आणि विजयनगर झालं, हंपीचं गोपुर झालं, तेव्हा विहिरीचं नाव ओघानंच पंपा सरोवर. पंपा हे तुंगभद्रेचं जुनं नाव, आणि हंपीपलीकडे आनेगुंदीजवळ पंपा सरोवर आहे, ज्याची गोष्ट रामायणातल्या शबरीपर्यंत जाते.

मला ही नावं मनापासून आवडतात. ती विचार करून ठेवलेली आहेत. कन्नड मुलूख तेव्हा मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर असा वाटला गेला होता. तो एक व्हावा ही इच्छा त्या मांडवात उघडपणे बोलली गेली. कर्नाटक एकीकरणाची परिषद तिथंच भरली, हुईलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडूवरचं गीत तिथं गायलं गेलं. विजयनगर हे नाव त्या इच्छेचा झेंडा होता. आणि तो झेंडा उभारण्यात मराठीत वाढलेले, टिळकांना गुरू मानणारे गंगाधरराव पुढे होते. आज ज्यांना या शहराची विभागणी ‘ते’ आणि ‘आम्ही’ अशी करायची सवय झाली आहे, त्या दोन्हीकडच्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी.

नंतर काय झालं

अधिवेशन संपलं, मांडव उतरला, तंबू गेले, गोपुर गेलं. विजयनगर हे नाव त्यांच्याबरोबरच गेलं, कारण ज्याला ते नाव होतं ती वस्तूच राहिली नाही. विहीर तेवढी राहिली. तिच्यासमोरच्या रस्त्याला काँग्रेस रोड म्हणू लागले, विहिरीला काँग्रेस विहीर.

पंपा सरोवर मागे का पडलं, याचं पहिलं कारण मला त्याच्या एकटेपणात दिसतं. ते नाव एका संचातलं होतं. विजयनगरात शिरायचं, गोपुराखालून जायचं, मग पंपा सरोवराचं पाणी प्यायचं, असं सगळं जुळून आलं की नावाला अर्थ येतो. संच मोडला आणि टिळकवाडीच्या माळावर एकट्या विहिरीला पंपा सरोवर म्हणायला काही आधार राहिला नाही. त्यात ती विहीर होती. सरोवर म्हटलं की माणूस तळं शोधतो. नाव आणि डोळ्यासमोरची वस्तू यांचा मेळ बसत नसला, तर दर वेळी सांगणाऱ्याला दोन वाक्यं जास्त बोलावी लागतात, आणि पत्ता सांगणारा माणूस एकही शब्द वाया घालवत नाही.

दुसरी गोष्ट, ते नाव ज्यांच्यासाठी ठेवलं ते लोक दोन दिवसांनी गाडीत बसून गेले. प्रतिनिधी, पुढारी, गायक, वार्ताहर यांना हंपीचा संदर्भ लगेच कळला असेल. मागे राहिले ते गाडीवान, माळी, गवंडी, पाणी शेंदणारे, आसपास जागा घेऊन घरं बांधणारे. ते विहिरीचं नाव रोज घेणार होते आणि त्यांना हंपीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना इतर विहिरींतून ही विहीर वेगळी काढायची होती. तेव्हा बेळगावात घराघराला आड होता, मळ्यामळ्याला विहीर. मग ही कुठली? काँग्रेस भरली होती तिथली.

इथं ‘काँग्रेस’चा तेव्हाचा वापर नीट पाहायला हवा, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. आज काँग्रेस म्हटलं की पक्ष डोळ्यासमोर येतो. तेव्हाच्या बोलण्यात काँग्रेस ‘भरायची’, जशी जत्रा भरते. काँग्रेस म्हणजे तो प्रसंग, ती गर्दी, ते दोन दिवस. छापील मराठीत ‘राष्ट्रीय सभा’ असा भारदस्त शब्द होता, पण ‘राष्ट्रीय सभेची विहीर’ असं कुणी म्हणालं नाही. म्हणजे लोकांनी विहिरीला पक्षाचं नाव दिलं नाही, तिला तिच्या जन्माचा प्रसंग चिकटवला. म्हणूनच आज या रस्त्यावर राहणारा, कुठल्याही पक्षाला मत देणारा माणूस बिनदिक्कत पत्त्यात काँग्रेस रोड लिहितो. त्या नावातून पक्ष केव्हाच गळून गेला आहे.

हे तपासायचं तर रिक्षात बसावं. मी एकदा मुद्दाम पंपा सरोवर असं सांगून पाहिलं.

“नवीन अपार्टमेंट काय हो ते? कुठल्या बाजूला आलं?”

“काँग्रेस विहीर हो.”

“मग तसं म्हणा की. बसा.”

रिक्षावाल्या दादांचं मराठी अस्सल बेळगावी होतं. वाटेत फोन आला तेव्हा ते कन्नडमध्ये बोलले, आणि कुठं आहे हे सांगताना म्हणाले, “काँग्रेस बावी हत्तिर.” काँग्रेस विहिरीजवळ.

दोन्ही भाषांत चालणारं अर्धं नाव

माझ्या मते खरी किल्ली या एका वाक्यात आहे. काँग्रेस विहीर, काँग्रेस बावी. नावाचा पुढचा भाग सगळ्यांचा एकच, मागचा ज्याच्या त्याच्या भाषेतला. विहीर शब्द कन्नड माणसाला घ्यावा लागत नाही, बावी शब्द मराठी माणसाला घ्यावा लागत नाही, तरी दोघं एकाच जागी पोचतात. ‘काँग्रेस’ हा शब्द दोघांनाही तितकाच परका आणि तितकाच ओळखीचा. त्यावर कुणाची मालकी नाही. सीमाभागात टिकणाऱ्या नावांची ही एक जातच आहे असं मला वाटतं, आणि एकदा ती लक्षात आली की शहरभर दिसू लागते.

टिळकवाडीतच पाहा. रेल्वेमार्ग शहराच्या मधून जातो आणि रस्ते त्याला जिथं ओलांडतात तिथं फाटकं होती. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. कन्नडमध्ये ओंदने गेट, एरडने गेट. आकडा आपापल्या भाषेतला, गेट सगळ्यांचं. तिसऱ्या गेटवर आता उड्डाणपूल झाला. पुलावरून गाड्या जातात, फाटकाशी थांबायचं कारण उरलं नाही, तरी सगळे सांगतात “तिसऱ्या गेटला उतरा”. नाव पडायला ते गेट कारण झालं, पण नाव टिकायला गेट असावं लागत नाही. भोवतीच्या दुकानांचे, दवाखान्यांचे, शिकवण्यांचे पत्ते त्यावर बांधले गेले की पुढची दोन पिढ्यांची सोय झाली. तसंच आरपीडी. महाविद्यालयाचं पूर्ण नाव राणी पार्वतीदेवी, सावंतवाडीच्या राणीसाहेबांचं. पण कोपरा आरपीडी. तीन अक्षरं, तीही इंग्रजी, आणि भाजीवालीपासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पुरतात. लष्करी छावणीचा कॅम्प तसाच, बसस्थानकाचं सीबीटी तसंच.

याचा अर्थ इंग्रजी शब्द असला की नाव टिकतं असा घेऊ नये. बोगारवेस घ्या. बोगार म्हणजे तांब्यापितळेचा धंदा करणारे, हा शब्द कन्नडकडचा. वेस आपल्या मराठी गावाची. दोन्ही भाषा एका नावात अशा मिसळल्या आहेत की बोलताना सांधा जाणवत नाही. त्याच जागेचं रीतसर नाव धर्मवीर संभाजी चौक. मला या नावाचा अभिमान आहे, आणि ते मेलेलं नाही. मिरवणुकीच्या पत्रकात, सभेच्या फलकावर, ध्वनिक्षेपकावर तेच नाव असतं: “सर्वांनी संभाजी चौकात जमावं.” पण सभा संपवून घरी जाणारा तोच कार्यकर्ता रिक्षाला हात करतो तेव्हा बोगारवेस म्हणतो. एका जागेची दोन नावं, दोन कामांसाठी. जमण्याचं एक, पोचण्याचं एक.

ही दोन कामं वेगळी आहेत हे न कळल्यामुळे नगरपालिकांपासून तरुण मंडळांपर्यंत सगळे फसतात. चौकाला थोर माणसाचं नाव दिलं, दगडी फलक बसवला, नारळ फोडला, की लोक उद्यापासून तेच म्हणतील असं त्यांना वाटतं. मग ते म्हणत नाहीत, आणि त्यात आपल्या दैवताचा अपमान झाला असा समज होतो. अपमान कुणी केलेला नसतो. पत्ता सांगणाऱ्याला समोरच्याला पोचवायचं असतं, आणि समोरच्याला जे नाव माहीत आहे तेच तो घेतो. समोरचाही हेच करतो. दोघं एकमेकांचा अंदाज घेऊन जुन्याच नावावर थांबतात. नवं नाव मनापासून पटलेला माणूससुद्धा एकटा काही करू शकत नाही, कारण नाव बदलायचं तर ऐकणाऱ्यानंही त्याच दिवशी बदलावं लागतं.

ठेवलेलं नाव रुजतं तेव्हा

पण ठेवलेली नावं रुजतातही. हुतात्मा चौक हे बेळगावातलं त्याचं ठळक उदाहरण. सीमालढ्यात १७ जानेवारी १९५६ ला झालेल्या गोळीबारात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे, आणि ते रिक्षातही चालतं. का? मला दोन गोष्टी दिसतात. दर वर्षी १७ जानेवारीला लोक तिथं प्रत्यक्ष येतात, फुलं वाहतात, लहान मुलं बापाचा हात धरून उभी राहतात. नाव वर्षातून एकदा तरी पायांनी गिरवलं जातं. आणि दुसरं, ते नाव त्याच गावच्या, तिथल्या माणसांना ठाऊक असलेल्या दुःखातून आलं. बाहेरून आणून ठेवलेलं नाही. पंपा सरोवराला असा वर्षाचा दिवस कुणी दिला नाही. गांधी जयंतीला लोक विहिरीपाशी जमले तरी स्मरण गांधींचं होतं, पंपेचं नव्हे.

किर्लोस्कर रोडचंही असंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे ते इथून गेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. माणूस गेला, कारखाना गेला, रस्त्यावर नाव राहिलं. ज्या जागी काम झालं त्याच जागेला त्या कामाचं नाव, म्हणून ते सहज टिकलं.

ठळकवाडी आणि टिळकवाडी ही जोडी याहून नाजूक आहे. वसाहतीचं नाव आज टिळकवाडी. पण तिथल्या जुन्या शाळेच्या पाटीवर ठळकवाडी हायस्कूल असंच आहे, आणि माजी विद्यार्थी “आम्ही ठळकवाडीचे” असं सांगतात तेव्हा त्यांना शाळा अभिप्रेत असते, वस्ती नव्हे. दोन नावं इतकी सारखी वाजतात की एकातून दुसऱ्यात सरकताना कुणाला त्रास झाला नसावा. संस्थांच्या नावांत मात्र जुनी नावं अडकून राहतात, कारण प्रमाणपत्रं, शिक्के, बँकेची खाती, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी हे सगळं त्यांना धरून ठेवतं. रेल्वेनं आजही बेळगावची खूण ‘बीजीएम’ ठेवली आहे, तीही याच कारणानं.

आणि एक नाव जे कुणीच ठेवलं नाही. शेताच्या बांधावर, मोकळ्या प्लॉटवर उगवणारं पांढऱ्या फुलांचं तण, ज्याला पुस्तकात गाजर गवत म्हणतात, आमच्याकडे सगळे काँग्रेस गवत म्हणतात. कन्नडमध्येही काँग्रेस गिडा. १९५० च्या दशकात ते पुण्याकडे आढळलं आणि परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर देशभर पसरलं असं मानतात. कुणी सांगतं फुलं गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून हे नाव, कुणी सांगतं काँग्रेस सरकारच्या काळात गहू आला म्हणून. दोन्ही गोष्टी लोक तितक्याच खात्रीनं सांगतात, आणि खरं कारण कुठलं यानं नावाला काही फरक पडत नाही. नाव एकदा चालू लागलं की त्याचं कारण मागून जोडता येतं. विहिरीच्या बाबतीत कारण आपल्याला कागदोपत्री माहीत आहे, हे आपलं नशीब.

बेळगाव, बेळगावी

शहराच्या नावाबद्दल दोन शब्द टाळता येणार नाहीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारनं राज्यातल्या १२ शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं. मराठी माणसाला तो दिवस झोंबला, कारण १९५६ साली याच दिवशी बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, आणि म्हणून १ नोव्हेंबर आमच्यासाठी काळा दिन आहे. पण कान देऊन ऐकलं तर रोजच्या बोलण्यात फारसं काही हललं नाही. कन्नड माणूस आधीही बेळगावी म्हणत होता. मराठी माणूस बेळगाव म्हणत होता आणि म्हणतो. बदललं ते इंग्रजीतलं लेखन, सरकारी पत्रं, पाट्या. फार मागे जायचं तर तेराव्या शतकाच्या आरंभीच्या रट्ट राजांच्या लेखांत या गावाला वेणुग्राम म्हटलं आहे. ते संस्कृत रूप दगडावर राहिलं, आणि बोलण्यात दोन भाषांनी आपापल्या जिभेला सोसेल ते ठेवलं. एक गाव, दोन रूपं, दोन्ही जुनी. माझा विरोध दुसऱ्या रूपाला कधीच नव्हता. पहिलं रूप पाटीवरून पुसण्याला आहे, आणि तो राहील.

आजची स्थिती

विहिरीशेजारी आता वीरसौध आहे, गांधींचं आणि अधिवेशनाचं स्मारक. डिसेंबर २०२४ मध्ये अधिवेशनाला शंभर वर्षं झाली तेव्हा शहर दिव्यांनी सजलं, काँग्रेस कार्यकारिणीची बैठक बेळगावात झाली. सरकारी निमंत्रणांत आणि कन्नड वर्तमानपत्रांत वीरसौध हे नाव वाढतं आहे. ते हळूहळू विहिरीच्या नावाची जागा घेईल असं मला वाटतं, निदान तरुण पिढीत. कारण कार्यक्रम होतात ते वीरसौधात. त्यातच काही वाईट आहे असं नाही, पण काँग्रेस विहीर हे नाव लोकांनी स्वतः घडवलेलं आहे आणि त्यात या शहराच्या दोन्ही भाषा नांदतात. ते सहजासहजी जाऊ नये असं मला तळमळीनं वाटतं.

त्यासाठी ठराव, मोर्चा, काही लागत नाही. बसथांब्याला तेच नाव ठेवावं. नकाशावर तेच टाकावं. विहिरीचा फलक पुन्हा रंगवायची वेळ येईल तेव्हा वर मोठ्या अक्षरांत काँग्रेस विहीर आणि काँग्रेस बावी ही दोन्ही नावं दोन्ही लिप्यांत यावीत. खाली पंपा सरोवर, १९२४ हे साल, ४,३७० रुपये ३ आणे हा खर्च, आणि ती खोदून घेणाऱ्या गंगाधररावांचं नाव. शाळेच्या सहली तिथं जातात, मुलांना एवढं वाचायला मिळालं तरी तिन्ही नावांची गोष्ट त्यांची त्यांना कळेल.